साळिंदराने लावलेले दार

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, त्याच्या अंगावर काटे, पण मन मात्र मेणाहून मऊ. एका वर्षी खोकल्याची साथ आली आणि सारे प्राणी बिळांत कोंडून बसले. राखण नाही, पाणी नाही. उभी पिके वाळून गेली. साथ ओसरताच सिंहाने हुकूम काढला, की जो शेत कसतो त्याला सरकारी कोठारातून पेरणीपुरता हरभरा द्यावा. वाटपाचे काम विश्वासाने साळिंदराकडे आले. जंगलाची जुनी रीत अशी, की धान्य मापायचे ते उघड्या खळ्यावर, 'एक'च्या जागी शुभ म्हणून 'लाभ' धरून 'लाभ, दोन, तीन' असे मोठ्याने म्हणत. पण मदत घेताना चारचौघांत कुणाची मान खाली जाऊ नये, असे साळिंदराला वाटले. म्हणून त्याने कोठाराचे दार लावून घेतले आणि एकेकाला आत बोलावून गुपचूप माप घातले.

शेवटी आली सशीण. ती नुकतीच आजारातून उठली होती. शेतातली ओल उडत चालली होती. आज-उद्या पेरले नाही तर वर्षभर पिल्लांच्या तोंडात काय घालणार? आणि कोठारात तर दाणाही उरला नव्हता. हिशेब कुठे चुकला, ते साळिंदराला कळेना. कोल्ह्याने मात्र लगेच बोंब ठोकली, "दार लावून कोण वाटतो? ज्याला आत खायचं असतं तो!" बघता बघता सारे जंगल खळ्यावर जमले.

"कोठार रिकामं आणि सशिणीची ओटीही रिकामी," सिंह म्हणाला. "मग धान्य गेलं कुठं? सांग, नाहीतर आजच जंगल सोड."

कर नाही त्याला डर कशाला, असे म्हणतात खरे. पण काहीच वावगे न केलेले साळिंदर पेचात सापडले होते. नावे कुणाला सांगणार नाही, असा त्याने प्रत्येकाला शब्द दिला होता. तेव्हा सशीणच पुढे आली. "दादा, लाज झाकायची म्हणून तुम्ही दार लावलंत. पण माझी पोरं लाज खाऊन जगणार आहेत का?"

ते शब्द साळिंदराला जिव्हारी लागले. त्याने डोळे मिटले आणि ते आठवून आठवून एकेक शेत, एकेक नाव मोठ्याने पुकारू लागले. ज्याचे नाव येई तो "पोचलं" म्हणे.

"ओढ्यापलीकडचं शेत. तीन पायल्या. कोल्हा."

कोल्ह्याने नजर चुकवली. मग टिटवी म्हणाली, "त्या शेताच्या बांधावर माझं घरटं आहे. ते शेत सशिणीचं. कोल्ह्याचं पाऊल तिथं मी कधी पाहिलं नाही."

कोल्हा शेपूट पायांत घालून मागे सरकू लागला. पण मागे लांडगा उभा होता. कोल्ह्याच्या गुहेतून हरभरा निघाला, मात्र त्यातली एक पायली त्याने खाऊन संपवली होती. उरलेला घेऊन सशीण तडक शेताकडे पळाली. तिच्या शेताचा एक तुकडा त्या वर्षी पडीकच राहिला. आळ टळला, तरी साळिंदराची मान वर झाली नाही. त्याने कोठाराचे दार बिजागऱ्यांसकट उखडले आणि माप खळ्यावर आणून ठेवले.

तात्पर्य : सर्वांच्या हक्काचे धान्य सर्वांच्या देखत मापावे; बंद दाराआड फावते लबाडाचे, आळ येतो प्रामाणिकावर आणि उपाशी राहतो गरजू.