तोंडातला हिरडा

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक नामांकित वैद्य राहत असे. त्याच्या हाताला गुण होता. लांबलांबून लोक येत आणि बरे होऊन घरी जात.

त्याच्या ओसरीवर हिरड्यांनी भरलेली एक वाटी असे. रोग्याने आल्याबरोबर त्यातला एक हिरडा तोंडात धरायचा आणि तपासणी संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असा तिथला नेम होता. "रोगी बोलायला लागला की भरकटतो. मला काय हवं ते नाडी सांगते," असं वैद्य म्हणे. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकही मुकाट्याने हिरडा धरत.

शेजारच्या गावात टोपल्या विणणारा एक म्हातारा होता. त्याची बायको आंधळी होती आणि आता तर अंथरुणालाच खिळली होती. म्हातारा तिला आपल्या हाताने पेज भरवी, तिचे केस विंचरी आणि दिवसभरात काय काय पाहिलं ते तिला सांगे. आज पळस फुलला, आज शेजारच्या गाईला वासरू झालं, कपाळावर पांढरा ठिपका आहे बघ त्याच्या. म्हातारी ऐकता ऐकता हसे आणि मग तिला झोप लागे.

एकदा बांबू सोलताना म्हाताऱ्याच्या पायात कामटी घुसली. जखम चिघळली, पाय टम्म सुजला. मुलाने त्याला बैलगाडीत घालून वैद्याकडे आणलं.

वैद्याने नाडी पाहिली, पाय पाहिला. "पाय वाचेल. पण जखम भरेपर्यंत यांना इथेच ठेवायचं. घरी न्यायचं नाही."

म्हातारा हिरड्याआडून काहीतरी पुटपुटला.

"अं हं, बोलायचं नाही!" वैद्य म्हणाला. मग मुलाकडे वळला. "घरच्या काळज्या यांच्या कानावर घालू नकोस. मनाला घोर लागला की जखम भरत नाही."

"तुम्ही म्हणाल तसं, वैद्यबुवा," मुलगा हात जोडून म्हणाला आणि गाडी घेऊन परत गेला.

वैद्य मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्यावर रागावून मोकळं तरी होता आलं असतं! तो स्वतः जखम धुई, लेप लावी, मुगाचं कढण पाजी. रोजच्या तपासणीत म्हातारा कधी तोंडातला हिरडा काढून म्हणे, "बुवा, घरी माझी बायको..."

"आधी पाय, बाबा. बाकीचं मग."

इकडे म्हातारी मुलाच्या हातची पेज घेईना. दारात पावलं वाजली की विचारी, "आले का?" मुलगा एकदा वैद्याच्या दारापर्यंत गेलाही. पण वैद्याची ताकीद आठवली आणि तसाच माघारी फिरला. हळूहळू म्हातारीने विचारणंही सोडलं.

जखम भरली. म्हातारा आपल्या पायांनी चालत घरी गेला. घरात खाट उभी करून ठेवली होती आणि तिची गोधडी धुऊन दोरीवर वाळत होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वैद्याच्या ओसरीवर आला. वैद्याला आनंद झाला. "वा, कसे ताठ चालत आलात!"

"पाय बरा झाला, बुवा. पण तो हवा होता घरी खाटेला खिळलेल्या माझ्या बायकोपर्यंत जायला. ती गेली. शेवटपर्यंत माझी वाट बघत होती म्हणे."

वैद्य कळवळून म्हणाला, "अहो, मग सांगायचं नाही का? लेप तिच्या खाटेशेजारीही लावता आला असता. मी रोज तुमच्या घरी आलो असतो!"

म्हाताऱ्याने कमरेची चंची सोडली आणि एक चघळलेला हिरडा वैद्याच्या तळहातावर ठेवला.

"हा तोंडात होता, बुवा."

तो हिरडा मुठीत धरून वैद्य ओक्साबोक्शी रडला. पण रडून काय उपयोग?

हिरड्यांची वाटी अजून त्याच्या ओसरीवर आहे. रोगी आला की वैद्य विचारतो, "घरी कोण कोण आहे? बरं होऊन काय करायचंय तुम्हाला?" आणि एक हिरडा उचलून स्वतःच्याच तोंडात धरतो.

म्हातारा आजही टोपल्या विणतो. संध्याकाळी म्हातारीची खाट टाकतो, खाटेशेजारी बसतो आणि आज काय काय पाहिलं ते सांगतो. ऐकायला कोणी नसतं.

तात्पर्य: दुखणं अंगाचं असलं तरी बरं व्हायचं असतं ते माणसाला; म्हणून औषध ठरवण्याआधी त्या माणसाचं ऐकावं.