देव तांदळात

विधवा शर्वरीला जर्मनीत वर्षभरासाठी नर्सची नोकरी लागली. तिने गॅस बंद केला, कुंड्या शेजारी पोचवल्या आणि घर बंद राहणार म्हणून रीतीप्रमाणे देव तांदळाच्या डब्यात ठेवले. सोय लागेना ती सासूबाईंची. थोरले दीर तर महिनाभर फोनच उचलत नव्हते.

निघायच्या दिवशी मात्र ते स्वतःच उगवले. "देवांना उपाशी ठेवतेस? महापाप! घराण्याचे चांदीचे देव आहेत, मी नेतो."

"भाऊजी, देव तांदळातच बसलेत, ते कसले उपाशी राहतात! ज्यांना दोन वेळा वाढावं लागतं, त्या आईंना तेवढं न्या."

दिरांनी घड्याळ पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

सासूबाईंनी मांडीवरचं कपड्यांचं बोचकं सोडलं. शर्वरीने डबा उघडला आणि देव पुन्हा देव्हाऱ्यात मांडले.