थोरल्याची निशाणी

घरोघरच्या थोरल्यांच्या संमतीवाचून लढाई करायची नाही, असा राज्याचा कायदा होता. राजाने तो मोडला. कुजबुज वाढली, तेव्हा दिवाणाने महिनाभर आधीची तारीख घालून संमतीचा कागद केला आणि सह्या-निशाण्यांसाठी सगळ्या थोरल्यांना दरबारात बोलावले.

सुभाना लोहाराचा भाऊ आठच दिवसांपूर्वी त्या लढाईत पडला होता.

“आता घरात थोरला तूच. काढ हातोड्याची निशाणी,” दिवाण म्हणाला.

सुभानाने डोळे पुसले. “मला वाचता येत नाही, दिवाणजी. वरची तारीख कधीची? खरी ना?”

“महिन्यापूर्वीची, लढाईच्या आधीची. अगदी खरी!”

“मग त्या दिवशी थोरला माझा दादा होता, चांगला जिताजागता. त्याला बोलवा. तो काढेल निशाणी.”

राजाने कागद फाडला आणि फौज माघारी बोलावली.