डाळिंबाचा एक दाणा

बाळांनो, आधी मला एक सांगा. एक जण गोड हसून सल्ला देतो आणि दुसरा कपाळाला आठ्या घालून रोखठोक प्रश्न विचारतो. भरवसा कोणावर ठेवाल? घाई नको. गिऱ्हाईकसुद्धा कापड हाताळल्याशिवाय बोलत नाही. तुम्ही आधी गोष्ट ऐका.

ग्रीस देशातल्या एका रानात, ऑलिव्हच्या जुन्या झाडाखाली, एक उंदरीण आपल्या पिल्लांना घेऊन राहत असे. त्या रानाच्या पोटात, खूप खोल, प्लूटोचे राज्य होते. प्लूटो म्हणजे पाताळाचा राजा. मेलेले सगळे जीव शेवटी त्याच्याच दारी. एकदा भूकंपाने बिळाची जमीन दुभंगली आणि उंदरिणीचे धाकटे पिल्लू जिवंतपणीच भेगेतून खाली गेले. "हलू नका रे, आलेच मी," असे बाकीच्या पिल्लांना बजावून तीही भेगेत शिरली.

खाली ना ऊन, ना वारा. एका डाळिंबाच्या झाडाखाली पिल्लू कुडकुडत बसले होते. "आई, भूक!" एवढेच ते म्हणाले. आता उंदरांची रीत तुम्हाला ठाऊक आहेच: आधी दात, मग डोके. तिने पडलेल्या फळातला एक दाणा उचलला आणि पिल्लाच्या तोंडात घातला. तेवढ्यात कोणीतरी हसले. नुकताच फासात सापडून मेलेला एक कोल्हा तिथे पाय पसरून बसला होता.

"काकू, काय करून बसलात! इथला दाणा पोटात गेला की वरची वाट बंद. राजाचा नियम आहे."

उंदरिणीने पिल्लाला जवळ ओढले. "मला कुठे ठाऊक होतं रे! आता काय करू?"

"सोपं आहे. कानांवर हात ठेवा. खाल्लंच नाही म्हणा. मी तर मिशीला पीस चिकटलेलं असतानाही 'कोंबडी? कुठली कोंबडी?' म्हणायचो."

असे म्हणत म्हणत तो स्वतः कुठे येऊन पडला होता, ते तिने पाहायला हवे होते. पण भेदरलेल्या जिवाला कुठलाही सल्ला गोड लागतो.

पिल्लाला घेऊन ती राजापुढे गेली. प्लूटो काळ्या सिंहासनावर बसला होता, शेजारी त्याची राणी. त्याने पिल्लाला निरखले. "हे मेलेलं नाही. चुकून आलंय. घेऊन जा. फक्त सांग, यानं इथलं काही खाल्लं?"

"नाही, महाराज."

"नीट आठव, बाई."

"पोरांची शपथ, एक दाणाही नाही!"

"आई, विसरलीस?" पिल्लू म्हणाले. "तो लाल होता ना, तो! खूप गोड होता."

राणीने मान फिरवली. प्लूटो रागावला नाही, आणि तेच जास्त भयंकर होते. "माझ्या राणीनंही इथले दाणे खाल्ले होते," तो म्हणाला. "तिनं ते कबूल केलं. म्हणून दाण्यामागे एक महिना ती इथे राहते, उरलेलं वर्ष आईकडे. तू 'एक' म्हणाली असतीस, तर हे पिल्लू वर्षातला एकच महिना माझं असतं. खोटं बोलणाऱ्याला ही सवलत नाही. आता ते कायमचं इथलं."

"मग मलाही दाणा द्या, महाराज! मीही इथेच राहते."

"आणि वरची पिल्लं?"

ती माघारी निघाली. मागून हाक येत राहिली, "आई, मी पण येऊ?" तिला वळून पाहवले नाही. ती बिळात पोचली तेव्हा भेग मिटत आली होती. हाक बारीक होत गेली आणि मग मातीखाली थांबली.

तात्पर्य : नकळत झालेली चूक फेडता येते, ती लपवायला बोललेले खोटे फेडता येत नाही. तेव्हा बाळांनो, माझी एवढीच विनंती आहे: कोणी हिशेब विचारला आणि तुम्ही एकच दाणा घेतला असेल, तर तो एक दाणाही मांडा.