तासातासाच्या थेंबाची कहाणी

ऐका हो नेत्रमाउली, तुमची कहाणी. ज्वारीच्या रानात वसलेलं एक आटपाट गाव होतं. तिथं येसू नावाची सून होती. तिचा एक डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उरला एक, त्याच्यावर तिचं रांधणं, शिवणं, सगळं जग.

एके दिवशी काय झालं, खळ्यावर मळणी चालली होती. वारा आला, चांगल्या डोळ्यात कुसळ गेलं. येसूनं डोळा चोळला. मग सासूनं मध घातला. मग जावेनं अंगावरचं दूध पिळलं. मग शेजारणीनं कांद्याचा रस घातला, म्हणाली, "झोंबतंय ना? म्हणजे गुण येतोय!" गुण कसला, कपाळ! डोळा लाल झाला, पाण्याच्या धारा लागल्या, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका आला. येसू रडली, "हाही गेला तर मी आंधळी झाले."

मग नवऱ्यानं तिला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी यंत्रातून पाहिलं. "बुबुळाला जखम झाली, तिच्यात बुरशी धरली. अजून वेळ गेली नाही."

येसूनं हात जोडले, "बाई, मला वसा सांगा."

"सांगेन, पण तू उतशील, मातशील, टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक. हात साबणानं धुवावे, डोळा चोळू नये, तासातासाला थेंब घालावा. बरं वाटलं तरी मी 'पुरे' म्हणेपर्यंत सोडू नये."

येसूनं थेंब घातले. आठ दिवसांत लाली गेली, ठणका गेला. मग येसू मातली. "बरं झालं की, आता कशाला?" बाटली कोनाड्यात ठेवली, पापड लाटायला बसली. तिसऱ्या दिवशी डोळा पुन्हा पेटला, ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला.

येसू बाईंच्या पायांशी गेली. बाई रागावल्या, नवं औषध दिलं, वसा पहिल्यापासून धरायला लावला. तेव्हा सासू म्हणाली, "मध मी घातला, आता थेंबही मीच घालीन." सासू ओसरीवर घड्याळ घेऊन बसली. तास झाला की ताट वाजवी, हात धुवी, थेंब घाली. आळीतल्या बायका ताट ऐकून चूल पेटवू लागल्या.

महिना झाला, दीड महिना झाला. मग बाई 'पुरे' म्हणाल्या. कडेला पुसट डाग राहिला, पण नजर वाचली.

सासूनं तोंड जवळ नेलं. "काय दिसतं गं?"

"सासूबाई, तुमच्या हनुवटीवर दोन केस आलेत."

सासू रागावली, मग हसली, मग पदर डोळ्यांना लावून रडली. "दिसतात? दोन्ही दिसतात?"

जशी नेत्रमाउली येसूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. साठ उत्तरांचं सांगणं पाचांत आटोपलं, कहाणी सुफळ झाली.