गुणाईचा तांदुळजा

करंजसावळी हे गाव नदीच्या वळणावर वसलेले. गावाबाहेर करंजांच्या राईत महादेवाचे जुने देऊळ आहे. श्रीतपोनाथ महाराज फिरत फिरत एकदा तेथे आले, ओवरीत घोंगडी अंथरली आणि पुढे बारा वर्षे तेथून हलले नाहीत. महाराज फारसे बोलत नसत. आवाज चढवून तर कधीच नाही. कोणी आपले दुःख घेऊन आला, तर शांतपणे ऐकून घेत आणि तो उठू लागला की विचारीत, "जेवलास का रे?" एवढ्या एका प्रश्नाने माणसाचे अर्धे ओझे उतरून जाई.

देवळामागे, नदीच्या काठी, गुणाई नावाची माळीण राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. चार वाफ्यांची जागा होती, त्यात ती तांदुळजा, चाकवत, शेपू, अंबाडी असल्या पालेभाज्या लावी आणि सकाळी पाटी डोक्यावर घेऊन गावात विकी. विकून जी जुडी उरेल ती तिच्या संध्याकाळच्या चुलीवर चढे. चार पाकळ्या लसूण, मूठभर मुगाची डाळ, एखादी सुकी मिरची. जोडीला ज्वारीची भाकरी. पण पहिली भाकरी ती महाराजांना नेऊन देई, मगच स्वतः घास घेई. महाराज ती भाकरी हातावर घेत आणि भाजीचे पानन् पान पुसून खात.

एकदा कोणी विचारले, "महाराज, आपल्याला सर्वांत काय आवडतं?"

महाराज म्हणाले, "गुणाईच्या घरी आज जे शिजलं असेल ते."

त्या वर्षी महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी मोठ्या प्रमाणावर करायची असे गावाने ठरवले. दिवसभर सर्वांनी उपवास धरायचा आणि दिवेलागणीला देवळासमोर पंगत बसवून तो सोडायचा. आजूबाजूच्या पाच गावांना निमंत्रणे गेली. एवढ्या मोठ्या स्वयंपाकाला विश्वंभरपंत आचाऱ्यांना बोलावण्यात आले.

विश्वंभरपंतांच्या हाताला चव होती, यात शंका नाही. राजवाड्यांतल्या पंगती त्यांनी उठवल्या होत्या. भट्टीवरच्या तपेल्याचा नुसता वास घेऊन आत मीठ किती पडले आहे ते सांगत. पण त्या कौतुकाने त्यांचे डोके फिरले होते. आपण केलेला पदार्थ चाखून पाहणे त्यांना कमीपणाचे वाटे. "चाखतो तो शिकाऊ," असे ते म्हणत.

उत्सवाच्या आदल्या दिवशी कल्हईवाला भांडी पाहून गेला होता. "पंत, या पितळी तपेल्यांची कल्हई पार गेलीय. एक दिवस द्या, करून देतो," तो म्हणाला होता.

"एक दिवस? उद्या पंगत आहे! आणि भांड्यानं स्वयंपाक होत नसतो, हातानं होतो," असे म्हणून पंतांनी त्याला वाटेला लावले. त्याच तपेल्यांत दुसऱ्या दिवशी पुरणाची डाळ शिजली, चिंच घालून कटाची आमटी झाली, आणि दुपारीच ताकाची कढी करून झाकून ठेवली गेली.

ऊन उतरले तेव्हा गुणाई मातीचे लहानसे गाडगे पदराखाली धरून आली. रोजच्यासारखीच भाजी, त्या दिवशी तांदुळजा होता. सणाचा दिवस म्हणून तिने वर तुपाची धार सोडली होती, एवढेच.

विश्वंभरपंतांनी तिला स्वयंपाकघराच्या दारातच अडवले. "काय आहे त्यात?"

"तांदुळजा हाय जी. महाराजांच्या पानात तेवढा वाढा."

पंत मोठ्याने हसले. "अगं, आज पुरणपोळीचं पान आहे! त्यावर हा पाला वाढू? महाराज म्हणजे काय शेळी वाटली तुला?"

आतली वाढपी मंडळीही हसली. गुणाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "रोज खात्यात म्हनून आनली."

"रोज खातात, कारण रोज दुसरं कोणी देत नाही. ठेव तिकडे मागच्या पडवीत, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस."

गुणाईने गाडगे पडवीच्या कोपऱ्यात ठेवले, वर एक पान झाकले आणि ती बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. डोळे पुसताना कोणाला दिसू नये म्हणून तिने पदर पुढे ओढून घेतला. महाराज त्या वेळी गाभाऱ्यात डोळे मिटून बसले होते. सकाळपासून त्यांचे मौन होते.

सूर्य मावळला. समया लागल्या. दोनतीनशे माणसे पत्रावळींसमोर बसली, दिवसभराच्या उपवासाने मुले तर कासावीस झाली होती. कढीचे द्रोण भरले गेले, पोळ्या वाढून झाल्या. आता नामघोष व्हायचा आणि पहिला घास उचलायचा, एवढ्यात गाभाऱ्यातून आवाज आला.

"थांबा! कोणीही तोंडात काही घालू नका!"

महाराजांचा एवढा मोठा आवाज बारा वर्षांत कोणी ऐकला नव्हता. हात जागच्या जागी थबकले. आयांनी मुलांच्या ओठांपाशी गेलेले द्रोण हिसकून घेतले. महाराज झपझप बाहेर आले आणि म्हणाले, "विश्वंभरा, कढी कळकली आहे. आमटीही. पानं उचलायला सांग."

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत राहिला की कळकतो आणि पोटात विषासारखा भिनतो, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक होते. पंगतीत कुजबुज सुरू झाली. विश्वंभरपंतांचा चेहरा लाल झाला.

"माझी कढी कळकली? महाराज, आपण तपस्वी आहात, पण हे शास्त्र माझं आहे. हे बघा!" आणि महाराज "अरे, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी भरलेला द्रोण तोंडाला लावला. एक संपवला, ईर्षेने दुसराही घशाखाली घातला. "झालं काही?" असे म्हणून त्यांनी सगळीकडे पाहिले.

पण जिभेवर ती कडवट, धातूची चव पसरली होती आणि ती त्यांना कळली होती. थोड्याच वेळात त्यांनी पोट धरले. मग भडभडून उलटी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडू लागले. लोकांनी त्यांना उचलून ओवरीत निजवले. गावचे वैद्य लेकीच्या गावी गेलेले. कोणाला काही सुचेना.

महाराज त्यांच्या उशाशी बसले. "गुणाई कुठे आहे?"

गुणाई पुढे आली.

"आज माझी भाजी आणली नाहीस?"

"आनलीया जी. मागं पडवीत ठिवलीया," ती म्हणाली. ती का ठेवावी लागली, ते मात्र तिने सांगितले नाही.

ती धावत जाऊन गाडगे घेऊन आली. तांदुळजा विष उतरवतो असे जुनी माणसे म्हणतात. पण येथे काम केले ते भाजीने की महाराजांच्या हाताने, हे ज्याने त्याने आपल्या भावाने ठरवावे. महाराजांनी भाजीचे पाणी वाटीत निथळून घेतले, गुरूंचे स्मरण केले आणि पंतांचे डोके मांडीवर घेऊन त्यांना घोट घोट पाजले. पहिला घोट उलटून पडला. दुसरा राहिला. तिसऱ्या घोटाला पंतांच्या कपाळावरचा घाम थांबला. महाराजांनी एक घास भाजी भरवली. हळूहळू हातांत ऊब आली, श्वास संथ झाला आणि पंतांनी डोळे उघडले.

"पोटातली कळ... गेली," ते क्षीण आवाजात म्हणाले.

सगळ्या अंगणातून एकच निःश्वास निघाला! कोणी हात जोडले, कोणी हसू लागले, कोणी आपल्या मुलाला उगीचच छातीशी धरले. आपल्या मुलाच्या तोंडाशी द्रोण गेला होता, हे आठवून एका आईला रडूच कोसळले.

महाराज म्हणाले, "आता रडायचं नाही. उपवास सोडायचा आहे. बायांनो, आपापल्या घरी जा आणि घरात जे असेल ते झटपट शिजवून घेऊन या. लाजू नका."

चुली पेटल्या आणि घराघरांतून टोपल्या आणि पातेली येऊ लागली. कोणाचे पिठले, कोणाची मेथी, कोणाचे चाकवताचे गरगट, कुठे नुसताच लसणाचा ठेचा, आणि भाकरीच भाकरी. एरवी घरची साधी म्हणून जी पातेली कोणी पंगतीत आणली नसती, ती देवळासमोर ओळीने मांडली गेली. महाराजांनी मात्र गुणाईचे गाडगे स्वतः हातात घेतले. "प्रत्येक पानात आधी ही," असे म्हणून ते पळीने वाढू लागले.

ओवरीच्या खांबाला टेकून विश्वंभरपंत पाहत होते. भांड्याकडे पाहून किती पाने होतील ते सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. या गाडग्यात फार तर चार माणसांची भाजी, त्यातली काही आपण खाल्ली आहे, हे त्यांना पक्के माहीत होते. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. महाराजांची पळी भरून येतच होती. तिसऱ्या ओळीला पंतांना राहवेना. भिंत धरून ते उठले आणि जवळ जाऊन गाडग्यात डोकावले. भाजी गळ्यापर्यंत होती, आणि तिच्यातून वाफ निघत होती.

शेवटचे पान वाढून झाले. नामघोष झाला. भुकेल्या माणसांनी भाकरी मोडली आणि बराच वेळ अंगणात जेवणाशिवाय दुसरा आवाज नव्हता. सगळ्यांचे झाल्यावर गुणाईने गाडग्यात हात घातला. तिच्यापुरतीच भाजी उरली होती.

विश्वंभरपंत महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, तीनशे जीव माझ्या हातून जाणार होते. कल्हईवाल्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला शासन करा!"

महाराजांनी त्यांना उठवले. "शासन कसलं? सगळे सुखरूप आहेत, तूही आहेस. अन्न करणाऱ्यानं मात्र खाणाऱ्याची काळजी आधी करावी. आणि माझ्या पाया कसला पडतोस? जिनं तुझ्यासाठी धावत जाऊन गाडगं आणलं, ती तिथं जेवते आहे."

पंत वळले. गुणाई कोपऱ्यात बसून भाकरीचा पहिला तुकडा मोडीत होती. राजवाड्यांतून मानाच्या शाली मिळवलेला तो माणूस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले.

गुणाई गोंधळून गेली. उष्टा हात मागे घेत ती म्हणाली, "अवो आचारीबुवा, उठा जी! पोटात बरं वाटतंय न्हवं आता?"

ते ऐकून विश्वंभरपंत लहान मुलासारखे रडू लागले. तिने आपल्या भाकरीचा अर्धा चतकोर मोडला, त्यावर तांदुळजा ठेवला आणि त्यांच्या हातावर दिला. पंतांनी तो कपाळाला लावला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून सावकाश खाल्ला.