आवडाईचा डोह

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते सावरघोलात कुणी मोजून ठेवलेलं नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचं हे गाव. गावाच्या मधून गडवी नदी जाते. अलीकडच्या काठावर घरं आणि देऊळ, पलीकडच्या काठावर शेतं आणि धाकटी वाडी. उन्हाळ्यात या नदीत घोटा बुडत नाही, पण एकदा मृग लागला की तिच्यात पाय घालायची सोय नसते. तेव्हा पलीकडे जायला एकच वाट होती, लाकडाचा साकव. तो साकव गावचा केरबा सुतार बांधायचा.

केरबाच्या बायकोचं नाव आवडा. पुढं सगळं गाव तिला आवडाई म्हणायला लागलं, पण त्या वेळी ती नुसती आवडाच होती. घराच्या मागं कामाची छपरी होती. केरबाच्या बापानं जन्मभर लाकूड जमवलं होतं. सागाच्या तुळया, फणसाच्या फळ्या, ऐनाचे वासे, सगळं त्या छपरीत आढ्याला टेकेल इतकं रचून ठेवलेलं. गावात कुणाचं घर उभं राहिलं की लाकूड तिथूनच जायचं. केरबा रंधा मारायचा, आवडा करवतीचं दुसरं टोक धरायची. केरबाचा हात असा, की त्यानं सांधा जुळवला तर त्यात पाणी शिरत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी शिमग्याच्या सुमाराला केरबा साकवाचे दोर आवळायला गेला. मधोमध पोचला आणि पायाखालची तुळई मोडली. केरबा खाली दगडांत पडला. मांडीचं हाड मोडलं. लोकांनी त्याला झोळीत घालून घरी आणलं.

हाड जुळायला लागलं, पण केरबाचं मन काही जुळेना. तो भिंतीकडं तोंड करून पडून राही. साकव त्यानंच बांधला होता. आपल्याच हातचं काम आपल्याच पायाखाली मोडलं, उद्या कुणाचं पोर पडलं असतं तर, एवढंच तो बोले. त्यानं आपली हत्यारं, वाकस आणि पटाशी, नजरेआड ठेवायला सांगितली.

आवडा एकदा एकटीच नदीत उतरली. मोडलेली तुळई दगडांत अडकून पडली होती. वरून बघितली तर देवळाच्या खांबासारखी गुळगुळीत. तिनं दगडानं ठोकली, तसा वरचा पापुद्रा गळून पडला आणि आतून पीठ सांडलं. जात्यातून पडावं तसं मऊ, पिवळं पीठ. लाकडाच्या अंगावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं होती. भुंग्यानं ती तुळई आतून खाऊन टाकली होती.

आवडाला आधी हायसं वाटलं. नवऱ्याच्या हाताची चूक नव्हती. हे त्याला कधी सांगते असं तिला झालं आणि ती काठ चढून पळत सुटली. पण अर्ध्या वाटेत तिचे पाय थांबले. ती तुळई आली कुठून होती? त्यांच्याच छपरीतून.

भर दुपार होती. गाव जेवून आडवं झालं होतं. आवडा छपरीत शिरली आणि वरच्या तुळईला तिनं कान लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून आवाज आला, कुरुकुरु, कुरुकुरु, कुणीतरी लांब बसून भाजलेला पापड खावा तसा. तिनं दुसऱ्या लाकडाला कान लावला, तिसऱ्याला लावला. सगळी छपरी आतल्या आत जेवत बसली होती.

असं म्हणतात, त्या दुपारी तिच्या कानाला जो आवाज लागला तो पुन्हा सुटला नाही. पुढं ती गल्लीनं चालली तरी तिला घराघरातल्या लाकडातला किडा ऐकू यायचा. एका लग्नात तर तिनं वाजंत्री थांबवली आणि नवरानवरीला मांडवाच्या खांबापासून बाजूला घेतलं. लोक कुरकुरले. तेवढ्यात तो खांब आपला आपण वाकला आणि पिठाच्या पोत्यासारखा खाली बसला, असं म्हणतात.

पण हे पुढचं. त्या वेळी पावसाळा तोंडावर आला होता आणि नरसू पाटील चार माणसं घेऊन केरबाच्या दारात आले. नव्या साकवाला छपरीतलं लाकूड घ्या, पाऊस पडायच्या आत उभा करा, आम्ही सगळे हाताखाली येतो, असं त्यांचं म्हणणं. पाटलांना घाई असायला कारण होतं. त्यांची लेक मैना पलीकडच्या धाकट्या वाडीत दिली होती. ती पहिलटकरीण होती, पण सासू अंथरुणाला खिळलेली म्हणून तिला माहेरी येता येत नव्हतं, आणि श्रावणात ती बाळंत व्हायची होती. धाकट्या वाडीत सुईण नव्हती.

आवडा दाराआडून बाहेर आली. तिनं सगळ्यांना छपरीत नेलं आणि एकेकाला तुळईला कान लावायला सांगितलं. कुणाला ऐकू आलं, कुणाला नाही. मग तिनं वाकस उचलला आणि एक तुळई मधोमध फोडून दाखवली. पीठ सगळ्यांच्या पायांवर सांडलं.

"ह्यातलं एकबी लाकूड साकवाला घालायचं न्हाई," ती म्हणाली. "कुणाच्या घरालाबी द्यायचं न्हाई. जाळायचं."

केरबा काठी टेकत सोप्यातून उठून आला होता. बायकोनं काय म्हटलं ते त्यानं ऐकलं. त्याचा चेहरा बघवेना, असा झाला. बापानं जन्मभर जमवलेलं ते. त्यातल्या प्रत्येक लाकडाचं झाड त्याला ठाऊक होतं.

"हे जाळल्यावर माझ्याकडं राहतंय काय?" त्यानं विचारलं.

आवडा जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "तुमचं हात राहत्यात. त्यास्नी काय बी झाल्यालं न्हाई. तेच सांगाया त्या दिशी मी नदीवरनं पळत आलते."

केरबा छपरीतून बापाच्या हातची तुळई स्वतः ओढायला लागला. ते बघून बाकीचे पुढं झाले. गावाबाहेरच्या माळावर लाकूड रचलं आणि त्याला केरबानंच आग लावली.

असं म्हणतात, आग धरली तशी त्या ढिगातून हजार दातांची कुरकुर उठली. लाकडातून भुंग्यांचा तांबूस ढग निघाला आणि गावाच्या दिशेनं वळला. घरांवर बसला असता तर सावरघोलात एक आढं शिल्लक राहिलं नसतं. आवडानं पदर खोचला आणि ती दोन्ही हात पसरून ढगाच्या आडवी उभी राहिली. तेवढ्यात खोऱ्यातले सगळे कोतवाल, सगळ्या सातभाई, सगळे वेडे राघू त्या माळावर उतरले. आभाळ दिसेना इतके पक्षी. ऊन कलेपर्यंत ते भुंगे टिपत होते, आणि त्यातला एकही गावच्या शिवेच्या आत आला नाही, असं म्हणतात.

आता नवं लाकूड पाहिजे होतं. गावानं रानातून जांभूळ आणि ऐन तोडून आणला. आवडाच्या माहेरी तिचा बाप मोटेची लाकडं तयार करायचा. तो ओलं लाकूड विहिरीत बुडवून ठेवी, आणि त्या लाकडातून पीठ पडलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं तेच करायला लावलं. ओंडक्यांची साल सोलली, कारण किडा सालीखाली अंडी घालतो. सालीलगतचं पांढरं, गोडसर लाकूड तासून टाकलं, कारण किड्याला तेच आवडतं. मग गावाजवळच्या ओढ्यातल्या खोल डोहात ओंडके सोडले आणि वर दगड ठेवले. सगळा पावसाळा ते पाण्याखाली राहतील, मग सावलीत वाळतील, आणि मग साकव, असं तिनं सांगितलं.

पाटलांचा संयम सुटला.

"अगं, आणि पावसाळाभर गावानं काय करायचं? माझ्या लेकीनं काय करायचं?"

"थांबा म्हणून मी सांगतिया," आवडा म्हणाली. "तवा पलीकडं न्यायचं कामबी माझंच. कुणीबी, कवाबी हाक मारू दे."

आणि तिनं तसंच केलं. गुऱ्हाळातली गूळ शिजवायची मोठी काहील मागून आणली. केरबानं दोन्ही काठांवरच्या झाडांना नदीवरून आडवा दोर बांधला. आवडा काहिलीत उभी राहून दोर हातानं ओढत लोकांना पलीकडे नेऊ लागली. मृग गेला, आर्द्रा गेली. तिच्या तळहातांची साल गेली. शेताला जाणारी माणसं, भाकरीच्या पाट्या, शेळ्या, दळण, सगळं त्या काहिलीतून गेलं. सुरुवातीला लोक बसताना तिला बोल लावायचे. ती ऐकून घ्यायची. आपल्यामुळं त्यांना त्रास आहे, हे तिला कळत होतं. रोज संध्याकाळी ती डोहाच्या काठी जाऊन बघायची. वरून नुसतं गढूळ पाणी दिसायचं. आपलं चुकलं तर नाही ना, हा विचार घेऊनच ती घरी परतायची.

श्रावणात ऐन पुराच्या दिवशी पलीकडून हाक आली. मैनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. नदी दोन्ही काठांना लागून चालली होती, झाडं वाहून येत होती. पाटील काठावर आले. त्यांनी पाणी बघितलं आणि आवडाकडं बघितलं.

"पोरी, तू जाऊ नगंस," ते म्हणाले. "माझ्या लेकीसाठी मी दुसऱ्याची लेक पाण्यात घालणार न्हाई."

आवडानं म्हाताऱ्या सुईणीला, बयाक्काला, हाताला धरून काहिलीत बसवलं आणि दोर पकडला. केरबा मोडक्या पायानं काठावर बसला आणि झाडाला बांधून उरलेलं दोराचं टोक त्यानं आपल्या कमरेला बांधून घेतलं.

मधल्या धारेत काहील भिंगरीसारखी फिरली. असं म्हणतात, तेव्हा आवडानं वाकून पाण्याला कान लावला, जसा ती लाकडाला लावायची. कुठून ओंडका येतोय, कुठं भोवरा आहे, ते तिला पाण्यानं सांगितलं. ती थांबत, ओढत, पुन्हा थांबत पलीकडे पोचली. गडवीनं त्या वेळी काहील आपल्या तळहातावर धरली होती, असं अजून सांगतात. बयाक्का पोचली आणि मैना सुटली. पोरगी झाली. पाटील या काठावर चिखलात बसून रडले.

त्यानंतर काहिलीत बसताना कुणी आवडाला बोल लावला नाही.

दिवाळी झाल्यावर ओंडके डोहातून काढले. काळेभोर झाले होते. महिनोन्महिने सावलीत वाळले. शेवटी आवडानं एकेकाला कान लावला आणि सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं. आत काही नव्हतं. नुसती शांतता. तिनं मान हलवली, तसा केरबानं कोपऱ्यात टाकलेला वाकस मागून घेतला. करवतीचं दुसरं टोक तिनंच धरलं. तो साकव पुढं कितीतरी पिढ्या टिकला. एका पुरात देवळाच्या दगडी पायऱ्या वाहून गेल्या, साकव हलला नाही, असं म्हणतात.

आता गडवीवर सिमेंटचा पूल आहे. केरबाही नाही, आवडाईही नाही. पण त्या डोहाला अजून आवडाईचा डोह म्हणतात, आणि सावरघोलात घराला लागणारं लाकूड अजून एक पावसाळा त्यात बुडवल्याशिवाय कुणी वापरत नाही. किती का घाई असेना. आणि ज्याचं लाकूड डोहात आहे त्यानं एकट्यानं वाट बघायची नाही, असा गावचा रिवाज आहे. कुणाची चौकट पाण्यात असेल तर शेजारी आपल्या मागच्या दाराची फळी काढून त्याच्या पुढच्या दाराला बसवून देतो. कुणाचा पलंग व्हायचा असेल तर चार घरांतून बाज फिरत येते. त्याला आवडाईचं उसनं म्हणतात. ते कुणी मागत नाही, आणि दिल्यावर कुणी बोलून दाखवत नाही.

म्हणून पावसाळ्यात तुम्ही सावरघोलात गेलात, आणि पांढऱ्या घराला कुणाचं तरी निळं दार लावलेलं दिसलं, तर हसू नका. आत माणसं सुखानं झोपलेली आहेत.